वाटसरूचा वाटा

रमजान महिना सुरू झाला की मुस्लिम घरांमध्ये जकातीचा हिशेब सुरू होतो. वर्षभर गाठीशी राहिलेल्या संपत्तीच्या अडीच टक्के रक्कम बाजूला काढायची आणि हक्काच्या माणसांपर्यंत पोहोचवायची. ही माणसे कोण, हे कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहे. त्यात आठ प्रकार आहेत. गरीब, निराधार, कर्जात बुडालेला अशी नावे घेत यादी शेवटी वाटसरूपाशी येऊन थांबते. अरबीत त्याला इब्न-अस्-सबील म्हणतात, म्हणजे वाटेचा मुलगा. घरी तो श्रीमंत असला तरी चालेल. वाटेत त्याचे सर्वस्व गेले असेल, तो परक्या मुलखात अडकला असेल, तर गावाच्या दानात त्याचाही वाटा आहे.

दिल्लीच्या काझीवर ही वेळ येईल, असे कुणाला वाटले नसते. पण आली. एकदा नव्हे, अनेकदा आली. त्याचे नाव अबू अब्दुल्लाह मुहम्मद. जग त्याला इब्न बतूता म्हणून ओळखते.

दमास्कसचा रमजान

फेब्रुवारी १३०४ मध्ये मोरोक्कोतील तांजिर या बंदराच्या शहरात त्याचा जन्म झाला. घराणे काझींचे. धर्मशास्त्र आणि कायदा शिकून तो एकविसाव्या वर्षी, जून १३२५ मध्ये, हजला निघाला. सोबत कुणी नव्हते. आईवडील हयात होते आणि त्यांना सोडून जाणे जड गेले, असे त्याने पुढे सांगून ठेवले आहे. त्या वेळी दीड-दोन वर्षांत परतण्याचा बेत असावा. तो परतला चोवीस वर्षांनी.

इजिप्तमध्ये अलेक्झांड्रियाला बुऱ्हानुद्दीन नावाचे एक सत्पुरुष त्याला भेटले. हिंदुस्थान, सिंध आणि चीन या देशांत आपले तीन बंधू आहेत, त्यांना सलाम पोहोचव, असे त्यांनी सांगितले. चीनला जायचे त्याच्या मनातही नव्हते. पण तो शब्द मनात रुतला. पुढे मुर्शिदी या दुसऱ्या एका फकिराने सांगितले, की हिंदुस्थानात तुझ्यावर मोठे संकट येईल आणि दिलशाद नावाचा माणूस तुला त्यातून सोडवेल.

१३२६ च्या रमजानमध्ये तो दमास्कसला पोहोचला. तिथल्या लोकांची एक रीत त्याला फार आवडली. रमजानमध्ये त्या शहरात कुणी एकट्याने रोजा सोडत नसे. अमीर आणि व्यापारी आपल्या मित्रांना व गोरगरिबांना बोलावत. ज्यांची ऐपत नसे ते एखाद्याच्या घरी किंवा मशिदीत जमत. प्रत्येक जण घरात जे असेल ते घेऊन येई आणि सगळे मिळून इफ्तार करत.

तिथले एक विद्वान, नूरुद्दीन सखावी, या परदेशी तरुणाला रोज इफ्तारला बोलावू लागले. चार रात्री तो गेला, मग तापाने फणफणला आणि जाऊ शकला नाही. नूरुद्दीन यांनी माणूस पाठवून त्याला घरीच आणले, हकीम बोलावला, ईदपर्यंत ठेवून घेतले. हजच्या काफिल्याबरोबर निघताना त्याच्याजवळ पैसे उरले नव्हते. तेव्हा उंट आणि वाटखर्चाची सोयही त्यांनीच केली. वाटसरूचा वाटा त्याच्या पदरात पडला, तो असा.

दिल्लीचे वैभव आणि भीती

मक्का, इराक, आफ्रिकेचा पूर्व किनारा, तुर्कस्तान, मध्य आशिया असे करत १२ सप्टेंबर १३३३ रोजी तो सिंधू नदीच्या काठी आला. दिल्लीच्या तख्तावर महंमद तुघलक होता. परदेशी विद्वानांना हा सुलतान सढळ हाताने देई आणि मर्जी फिरली तर तितक्याच सहज जीव घेई. इब्न बतूताला त्याने दिल्लीचा काझी नेमले. वर्षाला १२ हजार दिनार वेतन ठरले. राहणीमान वाढले, त्याबरोबर कर्जही वाढले. ते ५५ हजार दिनारांवर गेले आणि अखेर सुलतानानेच फेडले.

मग शिहाबुद्दीन नावाच्या एका निर्भय शेखवर सुलतानाची खप्पा मर्जी झाली. त्यांना कोण कोण भेटत होते याची चौकशी झाली, त्यात इब्न बतूताचेही नाव निघाले. त्याच्यावर पहारा बसला. अशा पहाऱ्यातून माणूस सहसा जिवंत सुटत नसे. त्याने सलग पाच दिवस उपास धरला. रोज एक कुरआन पुरे करायचे आणि फक्त पाण्याने रोजा सोडायचा. शेखना ठार करण्यात आले. तो सुटला.

सुटल्यावर त्याने जवळचे सगळे वाटून टाकले आणि कमालुद्दीन नावाच्या गुहेत राहणाऱ्या एका साधूपाशी पाच महिने काढले. एवढ्यात सुलतानाचे बोलावणे आले. चीनच्या सम्राटाचे वकील दिल्लीत आले होते. त्यांच्या नजराण्याच्या बदल्यात मोठा नजराणा घेऊन चीनला वकील पाठवायचा होता. प्रवासाची याची आवड सुलतानाला ठाऊक होती. ज्या दरबारातून जीव वाचवून तो बाहेर पडला, त्याच दरबाराने त्याला बाहेरची वाट दाखवली. त्याने होकार दिला.

अमानत

नजराणा साधासुधा नव्हता. खोगीर चढवलेले १०० उमदे घोडे, १०० गुलाम, नाचगाणे करणाऱ्या १०० दासी, उंची कापडाचे शेकडो ताके, सोन्याचांदीची दीपदाने आणि भांडी, मोती जडवलेल्या टोप्या, तलवारी. माणसांना वस्तूंच्या यादीत बसवणारा तो काळ होता. इब्न बतूताही त्याच काळाचा होता. दासदासी बाळगणे त्याला कधी खटकल्याचे दिसत नाही.

सोबत झहीरुद्दीन झंजानी हा विद्वान अमीर होता. नजराण्याची देखभाल काफूर नावाच्या सेवकाकडे होती. किनाऱ्यापर्यंत पोहोचवायला हजार घोडेस्वार होते. चीनचे १५ वकील आणि त्यांचे नोकर परत निघाले होते. २२ जुलै १३४२ रोजी हा लवाजमा दिल्लीतून हलला. इस्लाममध्ये दुसऱ्याने विश्वासाने सोपवलेल्या ठेवीला अमानत म्हणतात. तिला धक्का लागणे हे मोठे पाप. ही अमानत काझीच्या डोक्यावर होती, आणि मालक महंमद तुघलक होता.

दिल्लीपासून फार लांब नसलेल्या कोल, म्हणजे आजच्या अलीगढपाशीच पहिले विघ्न आले. जवळच्या जलाली गावाला बंडखोरांनी वेढा घातला होता. गावाच्या मदतीला सोबतचे सैन्य धावले. लढाई जिंकली, पण बरीच माणसे पडली आणि त्यात काफूरही गेला. सुलतानाला कळवून उत्तराची वाट पाहत सगळे तिथेच थांबले. त्या दिवसांत एका चकमकीत पाठलाग करता करता इब्न बतूता एकटा पडला. झाडीतून चाळीस धनुर्धारी निघाले. त्याने स्वतःला जमिनीवर झोकून दिले. असे करणाऱ्याला ते मारत नसत.

त्यांनी त्याला लुटले. अंगावर सदरा, झगा आणि विजार तेवढी राहिली. एक म्हातारा, त्याचा मुलगा आणि तिसरा एक माणूस अशा तिघांच्या ताब्यात त्याला दिले. त्याला मारायचे ठरले आहे, हे त्याने हावभावांवरून ओळखले. भाषा येत नव्हती. खुणांनी, विनवणीने त्याने म्हाताऱ्याचे मन वळवले. दुसऱ्या दिवशी टोळीतला एक तरुण आला. त्याने खुणेने विचारले, सोडू का? याने मान हलवली. आपला झगा काढून त्याने त्या तरुणाला दिला. त्या तरुणाने आपले जुने, विरलेले निळे वस्त्र काढून याच्या अंगावर घातले आणि वाट दाखवली. त्या तरुणाचे नाव त्याला कधीच कळले नाही.

पुढचे आठवडाभराचे दिवस त्याने रानात काढले. दिवसा बांबूच्या बेटात लपायचे, मिळेल तो पाला खायचा. एका रात्री ओसाड गावात धान्याच्या मोठ्या रांजणात शिरून तो झोपला. आत एक पक्षी होता, रात्रभर पंख फडफडवत राहिला. दोघेही एकमेकांच्या धाकात. एका विहिरीवर दोर होता, पण पोहरा नव्हता. डोक्याचे फडके दोराला बांधून भिजवले आणि ते चोखले. तहान भागेना म्हणून पायातला जोडा बांधून पाणी काढले. दुसऱ्या खेपेला दोर तुटून जोडा विहिरीत गेला. दुसरा जोडा बांधून पाणी प्यायला आणि मग तोच फाडून दोन्ही पायांना गुंडाळला.

तेवढ्यात हातात काठी आणि पाण्याचे भांडे घेतलेला एक सावळा माणूस समोर आला. त्याने सलाम केला, झोळीतून भाजलेले चणे आणि तांदूळ काढून खाऊ घातले. याला चालवेना, तेव्हा त्याने खांद्यावर घेतले आणि अल्लाहचे नाव घेत राहायला सांगितले. वाटेत याचा डोळा लागला. जाग आली तेव्हा तो एका वस्तीत जमिनीवर होता आणि तो माणूस निघून गेला होता. नाव विचारले तेव्हा त्याने अरबीत उत्तर दिले होते. त्याचा अर्थ आनंदी हृदयाचा. फारसीत त्यालाच दिलशाद म्हणतात. मुर्शिदींचे बोल त्याला तेव्हा आठवले.

छावणीत परतला तेव्हा काफूरच्या जागी सुंबुल हा सेवक आला होता. सुरुवातच अशी झाली, परत फिरूया, असे सोबत्यांचे म्हणणे पडले. काझीने ऐकले नाही. हुकूम पुढे जाण्याचा होता.

देवगिरीहून समुद्राकडे

ग्वाल्हेर, चंदेरी, धार, उज्जैन करत लवाजमा दौलताबादला आला. देवगिरीचा उंच कातळावरचा किल्ला, त्यातली कैद्यांची भुयारे आणि तिथले भलेमोठे उंदीर यांची त्याने नोंद केली आहे. इथल्या लोकांना तो मऱ्हाटे म्हणतो. इथली द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात, याचे त्याला कौतुक वाटले. दौलताबादेत गाणाऱ्या-बजावणाऱ्यांची तरबाबाद नावाची एक देखणी बाजारपेठ होती. तिथे मशिदी होत्या आणि रमजानमध्ये तरावीहची नमाज होत असे, हेही त्याने आवर्जून सांगितले आहे. आज मराठवाड्यात रमजानच्या रात्री ही नमाज होते, तेव्हा तिच्यामागे इतकी जुनी परंपरा उभी असते.

तिथून नंदुरबार. हे लहान गाव मऱ्हाट्यांचे, कारागिरी आणि वैद्यकीत वाकबगार माणसांचे, असे तो म्हणतो. तिथले उच्चवर्णीय भात, भाजी आणि तिळाचे तेल खातात, जिवाला इजा करत नाहीत, जेवणापूर्वी स्नान करतात, मद्याला शिवत नाहीत. त्यांच्या स्वच्छतेची तुलना त्याने आपल्या धर्मातल्या स्नानाशी केली आहे.

गुजरातेत खंबायतवरून गंधार बंदरात आल्यावर माणसे, घोडे, सामान जहाजांवर चढले. गोव्याला त्या वेळी अरब खलाशी संदापूर म्हणत. त्याच्या पुढे किनाऱ्याजवळ एका छोट्या बेटावर जहाज थांबले. ते अंजदीव असावे, असे बरेच अभ्यासक मानतात. तिथे देवळाच्या भिंतीला टेकून एक जोगी बसला होता. तो बोलत नव्हता. याने पैसे पुढे केले, शिधा पुढे केला. त्याने दोन्ही नाकारले. याच्या हातातली जपमाळ मात्र त्याने हातात घेतली, तेव्हा याने ती देऊन टाकली. जोग्याने ती हुंगली, तिचे चुंबन घेतले, आकाशाकडे आणि मग मक्केच्या दिशेला बोट दाखवले. त्या खुणेचा अर्थ इब्न बतूताने आपल्या परीने लावला. निघताना जोग्याने त्याचा झगा ओढून त्याला थांबवले आणि हातात दहा दिनार ठेवले. दिल्लीच्या सुलतानाच्या वकिलाला एका जोग्याने पैसे द्यावेत, याचे सोबत्यांना नवल वाटले.

पुढे होनावर लागले. तिथे मुलींच्या १३ आणि मुलांच्या २३ शाळा त्याने पाहिल्या. बायकांना कुरआन मुखोद्गत असल्याचे पाहून तो थक्क झाला. मलबारची वाट तर त्याला सर्वांत सुरक्षित वाटली. दर अर्ध्या मैलावर लाकडी निवारा, बसायला बाक, जवळ विहीर आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी द्यायला नेमलेला हिंदू माणूस. शिवाशिवीचे नियम होतेच, मुसलमानाच्या ओंजळीत पाणी वरून ओतले जाई. पण तहानलेला कुणी पुढे जात नसे.

कालिकतची रात्र

कालिकतला १३ चिनी जहाजे नांगरली होती. त्यातले मोठे जहाज म्हणजे तरंगते गावच. बांबूच्या काड्यांची बारापर्यंत शिडे आणि खलाशी-सैनिक धरून हजार माणसे. वारे अनुकूल होईपर्यंत तीन महिने थांबावे लागले. निघायची वेळ आली तेव्हा खोल्यांवरून घोळ झाला. चांगल्या खोल्या चिनी व्यापाऱ्यांनी आधीच घेतल्या होत्या. याला मिळालेली खोली अपुरी होती. म्हणून त्याने आपले सामान आणि घरची माणसे शेजारच्या लहान जहाजावर हलवली. झहीरुद्दीन आणि सुंबुल नजराणा घेऊन मोठ्या जहाजावर गेले. हा मात्र शुक्रवारच्या नमाजसाठी किनाऱ्यावर मागे राहिला.

त्या रात्री समुद्र खवळला. मोठे जहाज किनाऱ्यावर आदळून फुटले. झहीरुद्दीन, सुंबुल, कुणीच वाचले नाही. नजराण्यातले काही उरले नाही. सकाळी याने ओळखीची प्रेते वाळूत पाहिली आणि त्यांना मूठमाती दिली. हे पाहून लहान जहाजाच्या नाखव्याने शिडे उभारली आणि याची माणसे, सामान सगळे घेऊन ते खोल समुद्रात निघून गेले. एक मुक्त केलेला गुलाम सोबत उरला होता. परिस्थिती पाहून तोही गेला. काझीजवळ राहिले ते अंगाखालचे जाजम आणि त्या जोग्याने दिलेले दिनार.

त्या भीषण दिवसातल्या दोन गोष्टी मात्र त्याने विसरू दिल्या नाहीत. फुटलेल्या एका जहाजावर एका व्यापाऱ्याची दासी फळीला धरून होती. तिला वाचवणाऱ्याला दहा दिनार देईन, असे व्यापारी ओरडत होता. होर्मुझच्या एका खलाशाने उडी घेऊन तिला काढले आणि पैसे घ्यायला नकार दिला. हे आपण अल्लाहसाठी केले, एवढेच तो म्हणाला.

दुसरी गोष्ट कालिकतच्या हिंदू राजाची, सामुतिरीची. कमरेला पांढरे वस्त्र, डोक्याला लहानसे पागोटे, पाय अनवाणी, अशा वेशात तो स्वतः किनाऱ्यावर उभा होता. वाहून आलेला माल कुणी लुटू नये म्हणून त्याची माणसे गर्दीला हटवत होती. मलबारच्या इतर बंदरांत फुटलेल्या जहाजाचा माल राजाच्या खजिन्यात जमा होई. कालिकतमध्ये तो मालकाला परत मिळे. हे बंदर भरभराटीला आले ते या कायद्यामुळे, असे इब्न बतूताचे मत आहे. काझीच्या नजरेतून हा न्याय सुटला नाही.

लहान जहाज कोल्लमला थांबेल या आशेने तो नदीवाटेने दहा दिवस प्रवास करत तिथे गेला. जहाज आले नाही. चिनी वकील तेवढे भेटले. त्यांचेही जहाज फुटले होते आणि तिथल्या चिनी व्यापाऱ्यांनी त्यांना कपडे दिले होते. काही काळाने दोन नोकर परतले तेव्हा बाकीची बातमी कळली. सुमात्राच्या राजाने सामान काढून घेतले होते, माणसे चीन, सुमात्रा, बंगाल अशी पांगली होती. त्याच्या मुलाची आई होणार असलेली दासी वारली होती.

आठवे दार, नववे दार

दिल्लीला परतावे तर नजराणा सोडून जिवंत कसा राहिलास, हे सुलतान विचारणार. त्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. तो होनावरला सुलतान जमालुद्दीनच्या आश्रयाला गेला. दिवसाला एक, मग दोन कुरआन पुरे करू लागला, रोजे धरू लागला. त्या सुलतानाच्या ५२ जहाजांसोबत गोव्यावरच्या स्वारीतही तो गेला. पुढे जिंकलेल्या गोव्यालाच वेढा पडला तेव्हा तिथून निघाला. मनात चीन होतेच. तो मालदीवला पोहोचला. तिथे खदीजा नावाची राणी राज्य करत होती. तिच्या वजिराने याला काझी केले. लग्ने झाली, मान मिळाला. एका रमजानमध्ये त्याने फकिरांना आणि सरदारांना इफ्तारची मेजवानी दिली. पण निवाड्यांवरून वजिराशी बिनसले आणि दीडेक वर्षात ते बेट सोडावे लागले. तिथे केलेली लग्ने तिथेच मोडली. आपल्या प्रवासाची किंमत इतरांनीही मोजली, हे त्याच्या हकिकतीत दिसते. तो स्वतः त्यावर फारसे बोलत नाही.

श्रीलंकेत आदमचे शिखर चढून तो मदुरेच्या किनाऱ्याकडे निघाला. वादळात जहाज उथळ पाण्यात फुटू लागले. तराफ्यावर जागा कमी होती. सोबतच्यांना पुढे पाठवून तो रात्रभर मोडक्या जहाजाच्या मागच्या टोकावर बसून राहिला. सकाळी किनाऱ्यावरच्या हिंदू लोकांनी होडीतून येऊन वाचवले. मदुरेत जिवावरचा ताप आला. त्यातून उठून तो पश्चिम किनाऱ्याला आला, तर होनावरच्या अलीकडे बारा लढाऊ गलबतांनी घेरले. श्रीलंकेच्या राजाने दिलेले मोती-माणके, कपडे, शिदोरी सगळे गेले. बुखाऱ्याच्या विद्वानांच्या थडग्यांवरून उतरवून घेतलेली टिपणेही गेली. त्या नुकसानीची आठवण तो पुढे वेगळी काढतो. अंगावर फक्त विजार ठेवून चाच्यांनी त्याला किनाऱ्यावर उतरवले.

तो पुन्हा कालिकतला आला आणि मशिदीत जाऊन बसला. एका धर्मपंडिताने त्याला झगा पाठवला. काझीने पागोटे पाठवले. एका व्यापाऱ्याने आणखी एक वस्त्र दिले. काही वर्षांपूर्वी याच गावात तो तुघलकाचा वकील म्हणून नौबती-निशाणांसह उतरला होता.

तरीही त्याची वाट बदलली नाही. मालदीवमध्ये आपल्याला मुलगा झाल्याचे कळले म्हणून तो तिथे गेला, बाळाला पाहिले, ते आईपाशीच राहू दिले आणि समुद्रावर ४३ रात्री काढून बंगालला पोहोचला. सिल्हेटच्या डोंगरात शेख जलाल यांचे दर्शन घेतले. मग सुमात्रा. तिथून पुढे संथ, निश्चल समुद्र कापत १३४६ च्या सुमारास तो चीनच्या जैतून, म्हणजे आजच्या चुआनचौ बंदरात उतरला. दिल्ली सोडून चार वर्षे झाली होती. नजराण्यातला एक मोतीही हातात नव्हता.

पण ओळखणारी माणसे निघाली. दिल्लीहून त्याच्याबरोबर निघालेला चिनी वकील तिथे होता; त्याने अधिकाऱ्यांना ओळख दिली. हिंदुस्थानात पहिल्यांदा आला तेव्हा ज्या व्यापाऱ्याने उधार पैसे दिले होते, तोही तिथेच भेटला. परक्या प्रवाशाचे पैसे सराईत जमा करून घ्यायचे आणि निघताना हिशेबासकट परत करायचे, ही तिथली पद्धत त्याला फार आवडली. एकट्याने फिरायला याहून सुरक्षित देश नाही, असे त्याने म्हटले आहे. बाजारात आपले हुबेहूब चित्र भिंतीवर लावलेले पाहून मात्र तो चमकला. आलेल्या प्रत्येक परदेशी माणसाची अशी नोंद ठेवली जाई. हांगचौ आणि राजधानी खानबालिकपर्यंत आपण गेलो, असे तो सांगतो. राजधानीपर्यंत तो खरोखर गेला का, याबद्दल अभ्यासकांना शंका आहे.

तीन दिवसांचा उपास

परतीच्या वाटेवर दमास्कसला आला तेव्हा १३४८ साल होते. वडील वारून १५ वर्षे झाल्याची बातमी तिथे मिळाली. त्या शहरात त्याचा एक मुलगा होता, त्याने कधी न पाहिलेला. तोही बारा वर्षांपूर्वीच गेला होता.

त्याच उन्हाळ्यात प्लेगची महामारी आली. दमास्कसच्या सुभेदाराने तीन दिवस उपासाचा हुकूम काढला. दिवसा बाजारात अन्न शिजवायचे नाही. तीन दिवसांनंतर सगळे शहर, लहानथोर, बायकापुरुष, अनवाणी बाहेर पडले. मुसलमानांच्या हातात कुरआन होते, ज्यूंच्या हातात तौरात, ख्रिस्ती लोकांच्या हातात इंजील. आपापला ग्रंथ छातीशी धरून, रडत, एकाच ईश्वराकडे दया मागत सगळे शहराबाहेरच्या मशिदीकडे चालत गेले. बावीस वर्षांपूर्वी ज्या शहरात कुणी एकट्याने रोजा सोडत नव्हते, त्या शहराने संकटात उपासही एकट्याने धरला नाही.

नोव्हेंबर १३४९ मध्ये तो फेजला पोहोचला. त्याची आई त्याच महामारीत वारली होती. तांजिरला जाऊन त्याने तिच्या कबरीचे दर्शन घेतले. पुढे अंदलूस आणि सहारा ओलांडून मालीच्या राज्याचा प्रवास झाला. सगळे मिळून सुमारे १ लाख १७ हजार किलोमीटर तो फिरला, असा अंदाज आहे. मोरोक्कोच्या सुलतानाने त्याला सगळी हकिकत सांगायला लावली आणि इब्न जुझय या विद्वानाने ती लिहून काढली. डिसेंबर १३५५ मध्ये सांगणे पुरे झाले. टिपणे चाच्यांनी नेलेली, बरेचसे आठवणीतूनच सांगितले. म्हणून काही तारखा जुळत नाहीत, काही गावे मागेपुढे झाली आहेत. पण चणे-तांदूळ कुणी दिले, झगा कुणी दिला, पागोटे कुणी पाठवले, हे तो विसरलेला नाही.

आयुष्याची शेवटची वर्षे त्याने मोरोक्कोत काझी म्हणून काढली. त्याच्याविषयी लिहिणाऱ्यांनी तो उदार आणि हात मोकळा सोडणारा होता, अशी नोंद केली आहे. दिल्लीच्या नजराण्याचा हिशेब तो सुलतानाला कधीच देऊ शकला नाही. आणि ज्यांनी त्याला वाटेत उचलले, पांघरले, खाऊ घातले, त्यांच्यापैकी बहुतेकांना तो पुन्हा भेटूही शकला नाही. जकातीच्या यादीत वाटसरूचे नाव का आहे, ते अशा वेळी कळते. त्याला दिलेले बहुधा परत येत नाही. त्याची वाट पुढे जात असते आणि देणारा मागे, आपल्या गावातच राहतो.